कंसातले अक्षर आणि अंगावरचे वस्त्र

मराठी शब्दकोशाचे कोणतेही पान उघडले, तर शब्दापुढे किंवा अर्थाच्या शेवटी कंसात एखादे अक्षर आढळते. संस्कृत, फारसी, अरबी, पोर्तुगीज अशा मूळ भाषेची ती खूण असते. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या कोशात व १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत ही खूण वापरली. दाते-कर्वे प्रभृतींच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२-३८) ती पुढे चालविली. कृ. पां. कुलकर्णी यांच्या 'मराठी व्युत्पत्ति कोशा'ने (१९४६) तर व्युत्पत्ती हाच ग्रंथाचा विषय केला. या कोशकारांनी उपसलेले कष्ट पाहिले की मान लवते. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचा अधिकार माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या वाचकाला नाही. परंतु कोशातल्या त्या एका अक्षराचा आपण वाचक जो उपयोग करतो, त्याविषयी मात्र तक्रार करण्यास जागा आहे.

त्या अक्षरावरून आपण शब्दाची जात ठरवितो. 'सं.' दिसले की शब्द घरचा, 'फा.' वा 'अ.' दिसले की दारातला, 'इं.' दिसले की तर अगदी कालचा. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बैठकीत ही सवय विशेष उफाळून येते. बेंगळुरूच्या कचेऱ्यांत मराठी व कन्नड मंडळी शेजारी शेजारी बसतात, आणि एखादा शब्द दोन्ही भाषांत निघाला की 'हा तुमचा की आमचा' या प्रश्नावर चहा निवून जातो. वाद मैत्रीचा असतो, हे खरे. पण प्रश्नच चुकीचा मांडला गेल्यामुळे त्यातून हाती काही लागत नाही. प्रश्न नीट कसा मांडावा, हे वस्त्रांच्या नावांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वस्त्रनामेच निवडण्याचे कारण असे की, प्रेम, मान, लाज यांसारख्या शब्दांमागची वस्तू दाखविता येत नाही. वस्त्र मात्र दिसते. ते चित्रांत उरते, पेटीत उरते, माणसाच्या अंगावर उरते. शब्दाची कथा वस्तूच्या कथेशी पडताळून पाहण्याची सोय येथे आहे.

बेंगळुरूत रोज कानी पडणाऱ्या एका शब्दापासून आरंभ करू. आपण ज्याला झब्बा म्हणतो, त्याला कन्नड माणूस जुब्बा म्हणतो. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत. अरबीतला 'जुब्बा' म्हणजे पायघोळ, ढिला, पुढून उघडा झगा. दक्षिणेत १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले. पुढे विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा येथील दरबारांत फारसी ही कारभाराची भाषा झाली, आणि फारसीच्या पाठीवर बसून अनेक अरबी शब्द दख्खनच्या भाषांत उतरले. येथपर्यंतची हकीकत कंसातले अक्षर सांगते. 'अ.' हे अक्षर खोटे नाही. तथापि त्याने सांगितले तेवढेच धरून बसलो, तर या शब्दाचा खरा पराक्रम आपल्याला कळत नाही.

कारण हाच शब्द पश्चिमेकडेही गेला. इ.स. ७११ मध्ये अरबांच्या फौजा स्पेनच्या भूमीवर उतरल्या, आणि ग्रानाडाचे शेवटचे मुसलमानी राज्य १४९२ मध्ये पडले. या जवळजवळ आठ शतकांच्या सहवासात अरबी शब्द स्पॅनिश व कातालान या भाषांत असे मुरले की, ते काढून घेतले तर त्या भाषांना आपल्या घरातली भांडीकुंडी, बाग आणि कपाट यांची नावे घेता येणार नाहीत. त्यांतच आपला जुब्बा होता. स्पॅनिशमध्ये त्याचा 'हुबोन' झाला, कातालानमध्ये 'जिपो' झाला. आणि ही दोन्ही नावे खांद्यापासून कमरेपर्यंत अंगाला घट्ट बसणाऱ्या वस्त्राची आहेत. इटालियनमध्ये उच्चार जवळजवळ कन्नडसारखाच, 'जुब्बा', पण वस्त्र म्हणजे कोट किंवा बंडी. फ्रेंच 'ज्यूप' हाही याच कुळातला. आज त्याचा अर्थ बायकांचा कमरेखालचा घागरा. एका पायघोळ झग्याचे नाव एका देशात घट्ट बंडीवर, दुसऱ्यात घाग‍ऱ्यावर आणि आमच्या दख्खनमध्ये गुडघ्यापर्यंतच्या सुती झब्ब्यावर जाऊन बसले. या सर्वांपुढे कोशकाराने कंसात 'अ.' एवढेच लिहिले, तर ते सर्वांविषयी सारखेच खरे आणि सारखेच अपुरे ठरेल. शब्द प्रवास करतो तेव्हा वस्त्र त्याच्याबरोबर जातेच असे नाही. नवा देश त्या नावाखाली आपल्याला हवे ते वस्त्र शिवून घेतो.

विजारीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. अरबी 'इझार' या शब्दापासून आपली विजार व कन्नडातली इजार निघाली. मूळ अरबी इझार मात्र शिवलेली नसते. हजला जाणारे पुरुष कमरेभोवती जे न शिवलेले वस्त्र गुंडाळतात, ते इझार. म्हणजे मूळ वस्तू आपल्या पंचाची वा लुंगीची बहीण, आणि दख्खनमध्ये तिचे नाव मिळाले ते दोन पायांच्या, नाडीच्या, शिवलेल्या वस्त्राला! फारसी 'शल्वार'चेही तसेच. ती आपल्याकडे सुरवार झाली, आणि सुरवार म्हटले की पोटरीला बसणारी तंग विजार डोळ्यांपुढे येते. तीच शल्वार अरबीमार्गे स्पेनमध्ये गेली व तिचे स्पॅनिश आणि कातालान रूप व्हॅलेन्सिया प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या ढगळ, आखूड चोळण्याचे नाव झाले. इकडे तंग, तिकडे ढगळ. इकडे सरदाराच्या पायात, तिकडे कुणब्याच्या.

मूळ सांगणे हे काम सोपे असते, असेही नाही. खमीस किंवा कमीज हा शब्द घ्यावा. यूल व बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा हिंदुस्थानी शब्द पोर्तुगीज 'कामिसा'पासून आला असे म्हटले, पण तेथेच एक अवघड प्रश्नही टाकला आहे. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि कातालान 'कामिसा' यांच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'कामिसिया' हा शब्द आहे. चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास संत जेरोमने सैनिकांच्या अंगालगत बसणाऱ्या तागाच्या वस्त्राचे हे नाव नोंदले आहे. अरबीतही 'कमीस' आहेच. मग लॅटिनने अरबीकडून घेतला, की अरबीने लॅटिनकडून? आज विद्वानांचा कौल लॅटिनच्या बाजूने आहे. तो मान्य केला, तर चित्र असे दिसते: रोमन शिपायाच्या अंगावरचा शब्द पूर्वेकडे अरबीत शिरला, तेथून फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने खुष्कीने आपल्याकडे आला; आणि तोच शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून समुद्राच्या वाटेने गोव्यास उतरला, जेथे कोकणीत सदऱ्याला खोमीस म्हणतात. एकाच शब्दाच्या दोन वाटा एका किनाऱ्यावर येऊन मिळाल्या. आता कंसात कोणते अक्षर लिहावे? 'अ.', 'पो.' की 'लॅ.'? कोणतेही लिहिले तरी दुसऱ्यावर अन्याय होतो.

व्युत्पत्तीचे शास्त्र येथे निरुपयोगी ठरते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ते नीट वापरले, तर वस्तूच्या इतिहासावर लख्ख प्रकाश पडतो. शिंप्याच्या दुकानातला 'काज' हा शब्द त्याची साक्ष देतो. बटण ज्या छिद्रात अडकवावयाचे, त्याला आपण काज म्हणतो. कन्नड शिंपीही काजच म्हणतो. हा पोर्तुगीज 'काझा', म्हणजे घर. पोर्तुगीज भाषेत राहण्याच्या घराला आणि बटणाच्या घराला एकच नाव आहे. स्पॅनिशमध्ये घराला जवळजवळ हाच शब्द असला तरी बटणाच्या छिद्राला मात्र डोळ्यावरून बनविलेला निराळाच शब्द आहे. तेव्हा हा शब्द पोर्तुगीजांनीच आणला, याविषयी संशय राहत नाही. १५१० पासून गोवा व १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्या ताब्यात होती; शब्दाला उतरण्यास बंदरांची वाण नव्हती. फीत हा शब्दही त्याच गलबतातला.

पण तो शब्द आपल्याला लागलाच का? याचे उत्तर जुन्या अंगरख्यात आहे. आपला जुना अंगरखा बंदांनी बांधला जाई. बाराबंदी हे नावच बारा बंदांवरून पडले. बंदाखेरीज गुंडी होती, म्हणजे कापडाची किंवा दोऱ्याची गोळी, आणि ती अडकवावयास दोऱ्याचा फास. फासाची गुंडी वस्त्रात भोक मागत नाही. कडा बांधून घेतलेले छिद्र आले, तेव्हा त्यासाठी आपल्या भाषेत नाव नव्हते, आणि ज्यांनी वस्तू आणली त्यांचेच नाव तिला राहिले. येथे शब्द आणि वस्तू हातात हात घालून आल्या. आणखी एक गंमत अशी की, गुंडी हा शब्द मराठीत आज बव्हंशी मागे पडून बटण रूढ झाले आहे. कन्नडात मात्र सदऱ्याच्या बटणाला आजही गुंडीच म्हणतात. आपण टाकलेला शब्द शेजारणीने जपून ठेवावा, तसे हे झाले. 'तुमचा की आमचा' या वादात गुंडीला काय उत्तर देणार?

शिंप्याच्याच दुकानात आणखी थोडे थांबण्यासारखे आहे. तेथील शब्दांचे दोन गठ्ठे सहज पडतात. सुई, दोरा, कातर, टाका, शिवण, उसवण हा एक गठ्ठा. गज, अस्तर, मगजी, खिसा, अस्तनी, काज हा दुसरा. पहिल्यातले शब्द प्राकृतातून वारशाने आलेले आहेत. दुसऱ्यातले गज, अस्तर, मगजी, अस्तनी हे फारसी, खिसा अरबी, काज पोर्तुगीज. मुसलमानी अमलापूर्वी या देशात शिवलेले कपडेच नव्हते, असे विधान अधूनमधून छापले जाते. या दोन गठ्ठ्यांवरून ते टिकत नाही, हे उघड आहे. सुई आपली, शिवणे आपले, शिंपी हे नाव आपले. संस्कृतातले कंचुक आणि कूर्पासक ही शिवलेलीच वस्त्रे. कूर्पासकापासून झालेला 'कुप्पस' हा शब्द कन्नडात चोळीसाठी चालत आला आहे. तेव्हा शिवण्याची क्रिया परक्यांकडून आलेली नाही. आली ती बेतण्याची रीत: मापाने कापणे, आतून दुसरे कापड लावणे, कडेला मगजी घालणे, पैसे ठेवावयास पिशवी जोडणे. शिंपी तोच राहिला; त्याचे गिऱ्हाईक बदलले. दरबारात उभे राहणाऱ्या पुरुषाला दरबाराच्या बेताचा कपडा लागला, आणि त्या बेताची भाषा शिंप्याने उचलली. शिंपी म्हणून जन्मलेल्या नामदेवांनी आपल्या एका हिंदी पदात मनाला गज आणि जिभेला कातर केले आहे. ते पद शिखांच्या ग्रंथसाहेबात आहे. परक्या रीतीचा गज आणि घरची कातर एकाच ओळीत सुखाने नांदतात, आणि त्या दोहोंनी संत विठ्ठलाचेच काम करून घेतात.

या दृष्टीने पाहिले असता मराठी स्त्रीपुरुषांच्या पोषाखातला फरकही नीट उलगडतो. पुरुषाच्या अंगावर सदरा, झब्बा, विजार, सुरवार, पायजमा, मोजे, रुमाल अशी फारसी-अरबी नावांची फौज उभी आहे. स्त्रीच्या अंगावर लुगडे, साडी, पातळ, चोळी, शेला. पुरुषांतही धोतर नेसणाऱ्याचे शब्द निराळे. धोतराच्या मागे 'धौत', म्हणजे धुतलेले, हा अर्थ आहे. पातळ तर उघडच कापडाच्या पातळपणावरून आलेले विशेषण. नेसण्याच्या वस्त्रांची अंगेही पाहा: निऱ्या, ओचा, पदर, सोगा, कासोटा, कनवट. कासोट्याच्या मागे संस्कृत 'कक्षा' आहे आणि कन्नड 'कच्चे' हा त्याचाच भाऊबंद. ज्याला दरबारात व पुढे कचेरीत जावे लागले, त्याचे शब्द बदलले. जी घरात, शेतात आणि देवळात राहिली, तिचे राहिले. या दोन याद्या म्हणजे कोणी कोठे जावे आणि कोणी जाऊ नये, याचा समाजाने आपल्याच हाताने लिहिलेला दाखला आहे. स्त्रियांनी भाषा जपली, असे म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. त्यांना बाहेर पडू दिले गेले नाही, हेही त्याच याद्या सांगतात. कोशातले अक्षर हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी शब्द कोणाच्या अंगावर होता, हे पाहावे लागते.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ध्वनिसाम्य हा मोठा फसवा साक्षीदार आहे. आपली साडी आणि कन्नडातली सीरे, दोन्ही एकच वस्तू, दोन्हींचा आरंभ 'स'ने; तेव्हा एक दुसरीपासून निघाली असे वाटावे, यात नवल नाही. पण साडी संस्कृत 'शाटी'पासून आली आणि सीरे 'चीर' या शब्दाचे तद्भव रूप आहे. द्रौपदीचे जे चीर दुःशासनाने ओढले, तेच कन्नड घरात सीरे होऊन नांदते आहे. दोन बहिणी दिसावयास सारख्या, पण आया निराळ्या. पहिल्या भेटीतच नाते लावू पाहणाऱ्या आपल्यासारख्या हौशी व्युत्पत्तिकारांनी हे उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावे.

आता भाषाशुद्धीच्या प्रश्नाकडे वळू. या विषयात तो टाळता येत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचला गेलेला 'राज्यव्यवहारकोश' दहा वर्गांत फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतो. विसाव्या शतकात सावरकरांनी ती ज्योत पुन्हा पेटविली. माधव जूलियनांनी १९२५ साली 'फारशी-मराठी कोश' सिद्ध करून मराठीने फारसीकडून काय काय घेतले याचा हिशेब मांडला, आणि पुढे त्यांनीच 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. एकाच विद्वानाने दोन्ही ग्रंथ लिहावेत, यातच या प्रश्नाची गुंतागुंत दिसते. चळवळीने मराठीला पुष्कळ उपयुक्त शब्द दिले. 'गणवेश' हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो, आणि शाळांपासून सरकारी खात्यांपर्यंत तो असा रुळला आहे की तो कोणी घडविला हे आठवावेही लागत नाही. पण गणवेश हे कोणत्याही एका वस्त्राचे नाव नाही. ते एका व्यवस्थेचे नाव आहे, आणि ती व्यवस्था नवी होती. म्हणून नवा शब्द तेथे बसला. गणवेशातले शर्ट, पँट, बूट आणि मोजे मात्र जागचे हलले नाहीत. शर्टऐवजी शुद्ध म्हणून जो 'सदरा' सुचविला जातो, तो तरी कोठला? अरबीत 'सद्र' म्हणजे छाती. छाती झाकतो तो सदरा. इंग्रजाला हाकलण्यासाठी आपण अरबाला बोलावतो आणि त्याला घरचा समजतो. याला मी शुद्धीवाद्यांचा पराभव म्हणणार नाही. सदरा आपल्याला घरचा वाटतो, ही भावना अगदी खरी आहे. तिचे कारण कंसातल्या अक्षरात शोधले, तर ते सापडावयाचे नाही, एवढेच.

मग शब्द घरचा केव्हा होतो? माझ्या मते त्याची कसोटी वाक्प्रचार ही आहे. ज्या दिवशी एखाद्या वस्त्रनामाचा उपयोग वस्त्र सोडून दुसऱ्याच गोष्टीसाठी होऊ लागतो आणि ऐकणाऱ्याला तो समजावून द्यावा लागत नाही, त्या दिवशी तो शब्द मराठी झाला. या कसोटीवर पदर सर्वांत वरचा ठरतो. पदर पसरणे, पदरात घेणे, पदरी पडणे, पदरमोड करणे, सरदाराच्या पदरी असणे, गोष्टीला अनेक पदर असणे: याचना, क्षमा, दैव, खर्च, नोकरी आणि अर्थाचे बारकावे, इतका संसार एका वस्त्राच्या टोकाने सांभाळला आहे. परंतु याच कसोटीवर फारसी अस्तनीही उत्तीर्ण होते. सदऱ्याच्या हाताला आपण बाही म्हणतो. बाही वारशाने आलेली. तरीही घरभेद्याला आपण 'बाहीतला निखारा' म्हणत नाही. तो 'अस्तनीतला निखारा'च असतो. वारशाने आलेला शब्द शिंप्याच्या टेबलावर राहिला आणि परदेशी शब्द म्हणीत जाऊन बसला. कंबर कसून कामाला लागणे यातली कंबर फारसी. टोपी घालणे यात फसवणूक आहे, आणि मराठ्यांच्या राजकारणात गोऱ्या व्यापाऱ्यांना टोपीकर म्हणत, यात एका अख्ख्या मानववंशाचे वर्णन आहे.

आपल्या पेशाला जवळचा असा एक शब्द येथे सांगितलाच पाहिजे. फारसीत 'रू' म्हणजे चेहरा व 'माल' म्हणजे पुसणारा, तो रुमाल. आपल्याकडे तो खिशातही राहिला आणि डोक्यावरही चढला. जुन्या म्हैसुरात डोक्याच्या फेट्याला रुमालच म्हणत. पण त्याची खरी बढती झाली ती दप्तरखान्यात. कागदपत्र ज्या फडक्यात बांधून ठेवावयाचे ते फडके रुमाल, आणि पुढे त्या फडक्यात बांधलेला गठ्ठाही रुमालच. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद संशोधकांनी रुमालांच्या हिशेबानेच मोजले. चेहरा पुसावयाचे फडके एका राज्याची स्मृती बांधून ठेवते, हा अर्थविस्तार कोणत्या परक्या भाषेने आपल्याला दिला नाही. तो मराठी कारकुनाने दिला. त्या कारकुनाचा वंशज म्हणून मला याचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

देवघेव एका बाजूने कधीच चालत नाही. स्पॅनिश आणि कातालान भाषांत आपल्या बाजूनेही शब्द गेले आहेत. शाल हा शब्द फारसी, पण युरोपात तो हिंदुस्थानातल्या शालींच्या लौकिकाबरोबर पसरला. कातालानमध्ये त्याचा उच्चार आजही नेमका 'शाल' असाच होतो. पायजमा इंग्रजांमार्फत स्पॅनिशमध्ये गेला आणि दिवसाचा पोषाख होता तो रात्रीचा झाला. धुळीच्या रंगाची आपली खाकी तेथे 'काकी' झाली. मराठी माणसाला ती ऐकून नात्याची आठवण व्हावी. आणि अठराव्या शतकात बार्सिलोना शहरात छापील सुती कापडाचे जे कारखाने निघाले, त्यांच्या मालाचे नावच 'इंदियानेस', म्हणजे हिंदुस्थानी. कातालोनियाच्या उद्योगधंद्याचा पाया ज्या कापडावर घातला गेला, ते आपल्याकडच्या चिटाचे अनुकरण होते. हे नाव तेथील इतिहासकार लपवीत नाहीत. उलट मानाने सांगतात.

त्या भाषांचे व्युत्पत्तिकारही आपल्याला एक धडा देतात. जुआन कोरोमिनेस या कातालान विद्वानाने स्पॅनिशचा चिकित्सक व्युत्पत्तिकोश १९५४ ते १९५७ या काळात प्रसिद्ध केला आणि पुढे आपल्या मातृभाषेचाही तसाच प्रचंड कोश केला. त्याची रीत अशी की, शब्दाचे मूळ सांगण्याबरोबर तो लेखी रूपात प्रथम केव्हा व कोठे आढळतो, हे तो सांगतो. मग अर्थ कसकसा सरकत गेला, याची हकीकत देतो. आपल्याकडे शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९९९ च्या प्राचीन मराठीच्या कोशाने शब्द कोणत्या जुन्या ग्रंथात वा शिलालेखात आला आहे, हे दाखवून फार मोठे काम केले आहे. ते काम पुढच्या शतकांपर्यंत, विशेषतः बखरी, दप्तरे आणि जमाखर्चाच्या वह्या यांपर्यंत नेले, तर कोणता अंगरखा कोणत्या शतकात शिवला गेला हे आपल्याला सांगता येईल. तोवर आपले कोश शब्दाची जन्मभूमी सांगतील. त्याचे चरित्र सांगणार नाहीत.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, आणि आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना तर तो निकडीचा आहे. बेंगळुरूचा आणि मराठीचा संबंध नोकरीपुरता नाही. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते; आजही येथील भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते, आणि रंगविणे व शिवणे हे त्यांचे परंपरागत धंदे. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला विणलेली साडी आपल्या आयाआज्यांनी 'इरकल' म्हणून नेसली. त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाची चोळी शिवली. इरकलीच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळे असतात. विणकर ते फासांनी एकमेकांत अडकवून एक वस्त्र करतात. ही साडी कन्नड की मराठी, या प्रश्नाचे उत्तर त्या विणीत आहे.

परंतु या घरांतली आपली मुले आता पदर फार क्वचित पाहतात. शाळेत ती जुब्बा म्हणतात, दुकानात कुर्ता म्हणतात, आणि घरी 'पदरमोड' हा शब्द ऐकला की अर्थ विचारतात. यात त्यांचा दोष नाही आणि वेषाचा तर मुळीच नाही. आईने सलवार घालून कचेरीत जावे, हे त्या दोन याद्यांचा इतिहास पाहता आनंदाचेच आहे. वस्त्र जाईल; ती त्याची रीतच आहे. अस्तनी गेली, निखारा राहिला. पण वाक्प्रचारामागची वस्तू माहीत असलेली पिढी अजून आपल्यात आहे, तोवर एक काम करता येण्यासारखे आहे. गावाकडे जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जुनी पेटी उघडावयास सांगावे, आणि प्रत्येक वस्त्राचे व त्याच्या प्रत्येक अंगाचे नाव, ते कोणत्या गावी विणले, कोणी शिवले, कोणत्या प्रसंगी नेसले, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. टिपणे ठेवण्याची सवय आपल्या हाताला आहेच. कंसातले अक्षर विद्वान पुढे केव्हाही भरतील; कंसाबाहेरची हकीकत सांगणारी माणसे मात्र फार दिवस थांबणार नाहीत.